क्यूईएमयूमधील साठवण-उपकरणांचे वर्गीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एका संगणकावर दुसऱ्या संगणकाचे अनुकरण करणारी क्यूईएमयू ही मुक्त-स्रोत प्रणाली फाब्रिस बेलार्द यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभी तीत हार्ड डिस्क, फ्लॉपी व सीडी यांसाठी स्वतंत्र आज्ञा होत्या. २००७ च्या अखेरीस ‘ड्राइव्ह’ हा एकच पर्याय आला व आयडीई, स्कझी, फ्लॉपी हे जोडणीचे प्रकार त्यात नोंदविले जाऊ लागले. पुढे आभासी यंत्रांसाठीच रचलेल्या व्हर्टआयओची भर पडली. परंतु माहिती कोणत्या फाइलमध्ये आहे आणि अनुकरित यंत्राला ती कोणत्या उपकरणाच्या रूपात दिसते, या दोन भिन्न बाबी या वर्गीकरणात एकत्र आल्या. २००९ मधील पुनर्रचनेने त्या विलग केल्या. जुने प्रकार मात्र कायम राहिले.

हे सातत्य महत्त्वाचे आहे. विंडोज ९५ ला व्हर्टआयओ ओळखता येत नाही. तिला आयडीईसारखी जुनी जोडणी लागते. सी-डॅकच्या ‘आयएसएम’सारख्या प्रणालींवर, युनिकोड रूढ होण्यापूर्वी तयार झालेला मराठी मजकूर मूळ स्वरूपात वाचावयाचा, तर तत्कालीन यंत्राचे अनुकरण उपयुक्त ठरते. म्हणून ग्रंथालयांनी जुन्या डिस्कची प्रत जतन करताना तिच्या जोडणीचा प्रकारही नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.