चेहऱ्यावरील उजेड

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांतील जुन्या घरांत, माजघराच्या दारावर किंवा देव्हाऱ्याच्या शेजारीं, एखादी तरी तसबीर टांगलेली आढळते. बहुधा ती घरांतील दिवंगत कर्त्या पुरुषाची असते, क्वचित् आजीची. तसबिरीवर दरवर्षीं हार चढतो, परंतु तींतील चेहरा नीट ओळखतां येतोच असें नाहीं. कपाळ पांढरें पडलेलें, डोळे दोन काळ्या खळग्यांत बुडालेले आणि नाकाखालीं सांवलीचा पट्टा. ज्यांनीं त्या माणसाला जिवंतपणीं पाहिलें तीं माणसें तसबिरीपुढें उभीं राहून मान हलवितात. दोष कॅमेऱ्याचा नसतो, कागदाचाही नसतो. तो उजेडाचा असतो. चेहऱ्यावर उजेड कोठून पडावा, किती पडावा आणि कशांतून गाळून पडावा, या विद्येशीं या प्रदेशाचें नातें मोठें विलक्षण आहे. ज्या भूमीनें मुंबईला उजेड पुरविला, तेथीलच माणसांचे चेहरे दीर्घकाळ अंधारांत राहिले.

छायाचित्रणाची कला १८३९ सालीं युरोपांत जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत हिंदुस्थानांत पोचली. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. एल्फिन्स्टनच्या वर्गांत शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामणि यांनीं पुढें मुंबईंत छायाचित्रणाचा स्वतंत्र व्यवसाय थाटला.

त्या काळची रीत १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनीं प्रसिद्ध केलेल्या ओल्या कांचेची होती. कांचेला रसायनाचा लेप देऊन ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे, आणि चांगल्या उजेडांतही माणसाला कांहीं सेकंद निश्चल बसणें प्राप्त होई. म्हणून मानेमागें लोखंडी आधार लावीत. आणि म्हणूनच स्टुडिओ हा सहसा वरच्या मजल्यावर, कांचेच्या छपराखालीं असे. कांच शक्यतों उत्तरेकडे ठेवीत, कारण तिकडून सूर्य सहसा थेट आंत येत नाहीं. येतो तो आभाळाचा उजेड. त्याखालीं पांढरे व निळे पडदे दोरीनें सरकविण्याची सोय असे. निष्णात छायाचित्रकाराची खरी करामत या पडद्यांत होती. एका बाजूचा पडदा उघडावा, दुसऱ्या बाजूचा ओढावा, म्हणजे गालाला गोलाई येई, नाकाचा उंचवटा दिसे आणि डोळ्यांत खिडकीचा बारीक ठिपका चमके. तो ठिपका नसला तर जिवंत माणसाचा डोळाही निर्जीव भासतो.

हा उजेड पैशाचा होता. कांचघर बांधणाऱ्याला तो परवडे आणि तेथें जाऊन बसणाऱ्याला परवडे. इतरांचीं चित्रें निघत तीं निराळ्या हेतूनें. विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींवरील सचित्र ग्रंथ १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत निघाला. त्यांत माणसें एका ठिकाणीं टिपून पाठीमागील देखावा दुसऱ्या कांचेवरून जोडलेला आहे, आणि चित्रांची मांडणी व्यक्तीवरून नव्हे तर जातीवरून आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. अशा लोकांपुढें त्या काळीं कोणी कॅमेरा आणलाच, तर तो बहुधा जमातीचा नमुना टिपण्यासाठीं. घरांत टांगण्याच्या तसबिरीसाठीं नव्हे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ सालीं बोरघाट चढून पुण्याच्या मार्गास जोडला गेला. ज्याला ऐपत होती त्याला आगगाडीनें शहरांतील कांचघर गांठतां येऊं लागलें. इतक्यांत १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स यांनीं जिलेटिनच्या कोरड्या कांचेची रीत प्रसिद्ध केली. कांच आधीं तयार करून ठेवतां येऊं लागली व कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला. परंतु स्टुडिओबाहेर पडतांना त्यानें पडदे मागेंच ठेवले. लग्नांत वा जत्रेंत आलेला फोटोवाला अंगणांत खुर्ची मांडी, मागें चादर टांगी आणि उन्हांत माणूस बसवी. दुपारचें ऊन डोक्यावरून येतें; तें कपाळाला लागतें, डोळ्यांना लागत नाहीं. आरंभीं वर्णिलेल्या तसबिरींतील काळे खळगे हे या उन्हाचें लेणें होय.

याच उन्हाला एका मराठी माणसानें घरगुती उपायानें वश केलें. धुंडिराज गोविंद फाळके हे १८८५ सालीं जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. त्यांनीं कांहीं काळ गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा केला. पुढें खोपोलीच्या वरच्या अंगास, लोणावळ्याजवळच्या रविवर्म्याच्या शिळाछापखान्याशींही त्यांचा संबंध आला. १९१३ सालीं लोकांपुढें आलेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचें काम सूर्यप्रकाशावरच चाललें. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रणाच्या वेळीं पांढरी चादर धरून तासन् तास उन्हांत उभ्या राहत, असें सांगतात. चादरीवरून परतलेला उजेड नटांच्या चेहऱ्यावरील काळोख भरून काढी. ज्या कामाला विलायतेंत यंत्रें लागत तें येथें अंथरुणावरच्या चादरीनें केलें. स्वस्त उजेडाच्या इतिहासांत या चादरीला मानाचें स्थान आहे.

त्याच सुमारास खोपोलीस दुसराच उजेड जन्म घेत होता. टाटा जलविद्युत् कंपनी १९१० सालीं स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांचें पाणी मोठ्या नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस आणण्यांत आलें आणि १९१५ सालीं तेथें वीज निर्माण होऊं लागली. १९२२ सालीं ठोकरवाडीच्या जलाशयाच्या पाण्यावर कर्जत तालुक्यांत भिवपुरी येथें दुसरें केंद्र चालूं झालें. ही वीज मुंबईच्या गिरण्यांकरितां होती. उंच मनोऱ्यांवरून तारा रानावनांतून गेल्या. त्यांच्या खालच्या घरांत मात्र चिमणी व कंदील जळत राहिले. १९४२ च्या लढ्यांत माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें मुंबईकडे वीज नेणाऱ्या मनोऱ्यांवर घाव घातले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनीं देह ठेवला.

चिमणीच्या उजेडांत छायाचित्र निघणें कठीण. त्यावर जगानें शोधलेला उपाय म्हणजे १८८७ सालची जर्मनींतील मॅग्नेशियमची पूड: क्षणभर लख्ख भडका आणि मग खोलीभर धूर. १९२९ सालापासून बंद कांचगोळ्यांतील भडका मिळूं लागला, पण एक गोळा एकदांच कामास येई. शिवाय हा उजेड कॅमेऱ्याच्या बाजूनेंच सरळ चेहऱ्यावर आदळे. डोळे दिसत, पण चेहरा थाळीसारखा सपाट होई. उन्हानें खळगे पाडले होते, भडक्यानें उंचवटे पुसले.

१९६० सालीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें आणि पुढील दशकांत खेड्यांत वीज पसरत गेली. पण घरांतील एकुलता पिंवळा दिवा आढ्याला टांगलेला. त्याचीही रीत दुपारच्या उन्हाचीच. वीज आली तरी चेहऱ्यापर्यंत ती पोचली नाहीं. पुढें निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा शोधून काढणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या शोधामुळें आज शंभर-दीडशे रुपयांत असा दिवा मिळतो कीं जो फारसा तापत नाहीं आणि दिवसासारखा पांढरा उजेड देतो. कांचघराचा उजेड आतां कोणाच्याही घरांत येऊं शकतो. उणीव आहे ती पडद्याच्या विद्येची.

ती विद्या अवघड नाहीं. उजेडाचा उगम जितका मोठा व जितका जवळ, तितकी सांवली मृदु. उघडा दिवा लहान असतो, म्हणून त्याची सांवली सुरीसारखी धारदार पडते. त्याच दिव्यापुढें हातभर अंतरावर धुतलेलें पांढरें धोतर दोरीवर ताणून धरिलें कीं सारें धोतर उजळतें आणि धोतरच दिवा बनतें. हें एलईडी दिव्यासच लागू; तारेचा जुना दिवा तापतो व कापड पेट घेऊं शकतें. दिवा समोर नको; एका बाजूस तिरपा व डोळ्यांपेक्षां थोडा उंच असावा. दुसऱ्या बाजूस पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पत्रा उभा केला म्हणजे सरस्वतीबाईंच्या चादरीचें काम होतें. अंतराचा नियमही ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. उघड्या दिव्याचें अंतर दुप्पट केलें तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो. धोतरामागच्या दिव्याचाही दूर सारतां असाच झपाट्यानें उतरतो. म्हणून दोन मोठ्या दिव्यांपेक्षां जवळ आणलेला एक लहान दिवा बरा.

घरांतील इतर दिवे त्या वेळीं मालवावेत, कारण पिंवळा व पांढरा उजेड मिसळला तर अर्धा चेहरा हळदीचा दिसतो. विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां आवर्तन पावतो, म्हणून कित्येक स्वस्त दिवे सेकंदास १०० वेळां लुकलुकतात. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला तर चित्रावर पट्टे पडत नाहींत. माणूस भिंतीपासून दोन-तीन हात पुढें बसवावा, म्हणजे सांवली भिंतीवर न पडतां जमिनीवर पडते. आणि सांवळ्या माणसामागें पांढरीशुभ्र चादर लावूं नये. कॅमेऱ्याचें आपोआप चालणारें मोजमाप चादरीला भुलतें व चेहरा काळवंडतो. सांवळ्या कांतीमागें मातीच्या रंगाची भिंतच शोभते, आणि ती खेड्यांतील घरांत आयतीच असते.

दिवाही नसला तरी पडवी आहे. पडवीच्या छपरानें वरचें ऊन अडतें आणि उजेड एकाच बाजूनें येतो. कांचघरवाल्यानें पैसे खर्चून केलें तें कौलारू घरानें आधींच करून ठेविलें आहे. उत्तरेची पडवी उत्तम. मात्र या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित् उत्तरेकडे असतो, तेव्हां थोडें आंत सरकून बसावें. त्यांतील बराच काळ पावसाळ्याचा. ढगांनीं भरलें आभाळ हा निसर्गाचा सर्वांत मोठा पडदा होय, आणि तो या डोंगरांवर महिनेच्या महिने ताणलेला असतो.

खालापूर तालुक्यांत चौकजवळ नितीन देसाई यांनीं २००५ सालीं चित्रपटांसाठीं भव्य स्टुडिओ उभारला. तेथील प्रखर दिव्यांचें काम निराळें, पडवींतील धोतराचें काम निराळें. चित्रपटांतील राजाचा चेहरा हजारों लोक पाहतात; वाडीवरच्या म्हातारीचा चेहरा चार-सहा माणसांनाच हवा असतो, पण त्यांना तो जन्मभर हवा असतो. पुष्कळ घरांत ही गोष्ट उशिरा सुचते. माणूस गेल्यावर लग्नांतल्या गर्दीच्या फोटोंतून किंवा ओळखपत्रावरून त्याचा चेहरा कापून मोठा करावा लागतो, आणि पुन्हां तेंच पांढरें कपाळ व तेच काळे खळगे भिंतीवर चढतात.

ज्या घरांत वृद्ध माणूस आहे त्या घरानें एका सकाळीं एवढेंच करावें. म्हातारीला पडवींत बसवावें, एका बाजूस धुतलेली चादर धरावी, तिच्याशीं तिच्या माहेरच्या चार गोष्टी बोलाव्या आणि मग चित्र घ्यावें. चित्राच्या पाठीमागें तिचें पूर्ण नांव व सालही लिहावें. घाटावरचें पाणी खालीं उतरून मुंबईला उजेड देतें, त्याला शंभरावर वर्षें झालीं; त्यांतला ओंजळभर उजेड या माणसांच्या चेहऱ्यावरही पडावयास हवा.