एरसामा ते गोपाळपूर : मधली 14 वर्षं

आपत्ती आली की जबाबदारी कुणाची, केंद्राची की राज्याची, हा वाद आपल्याकडे ठरलेला. आज तो ओडिशाच्या किनाऱ्यावर नेऊन पाहू.

29 ऑक्टोबर 1999. पारादीपजवळ महाचक्रीवादळ धडकलं. वारा ताशी 260 किलोमीटर. सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या एरसामा भागातली, समुद्र आत घुसल्यानं बुडालेली. हवामान खात्याचा इशारा आला होता बरं का! पण जायचं कुठं? किनाऱ्यावर रेड क्रॉसनं बांधलेले पक्के निवारे होते फक्त 23. भुवनेश्वरचाच संपर्क तुटलेला, त्यामुळे राज्य सरकारला जिल्ह्यांची खबर नाही. आणि वाद कशावर, तर याला ‘राष्ट्रीय आपत्ती’ म्हणायचं की नाही!

त्याच वर्षी ओडिशानं आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं. 2001 मध्ये भूज हादरल्यावर वाजपेयींनी सर्वपक्षीय राष्ट्रीय समिती नेमली आणि उपाध्यक्षपद दिलं विरोधी बाकावरच्या शरद पवारांना. किल्लारीच्या भूकंपावेळी ते मुख्यमंत्री होते ना! मग 2005 चा कायदा आला. देशाच्या प्राधिकरणावर पंतप्रधान, राज्याच्या प्राधिकरणावर मुख्यमंत्री, जिल्ह्यात कलेक्टर. आणि कलेक्टरच्या जोडीला सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. गंमत अशी की घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा विषयच नाही. संसदेनं हा कायदा समवर्ती सूचीतल्या ‘सामाजिक सुरक्षा’ या नोंदीच्या आधारे केला.

12 ऑक्टोबर 2013 ला फायलिन गोपाळपूरला धडकलं. वारा 1999 पेक्षा कमी होता, हे मान्य करू. पण या वेळी इशारा दिल्लीतच अडकला नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या आधीच येऊन थांबल्या, राज्यानं दसऱ्याच्या सुट्ट्या रद्द केल्या, आणि सुमारे 10 लाख लोक हलवले गेले. मृतांचा आकडा शंभरीच्या आतच राहिला. घरं आणि भातशेती मात्र गेलीच, आणि भरपाईच्या पैशांवरून भुवनेश्वर-दिल्ली ओढाताणही चुकली नाही.

मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते गावपातळीवरचं काम. म्हाताऱ्या माणसाला घर सोडायला राजी करणं दिल्लीच्या आदेशानं होत नाही. तिथं ओळखीचाच माणूस लागतो. ओडिशात निवाऱ्यांची देखभाल गावच्या समित्यांकडे दिली. त्यांतल्या कित्येक इमारतींत एरवी शाळा भरते, त्यामुळे तिथली वाट पोरासोरांनाही पाठ असते.