बोटीत कोळसा भरेपर्यंत : मदीरा बेटावरचा एक दिवस

क्रूझच्या जाहिरातीत एखादे रमणीय बेट हमखास असते. सकाळी बोट बंदरात शिरते, प्रवासी उतरतात, डोंगर आणि बाजार पाहतात आणि संध्याकाळी भोंगा वाजण्याआधी परततात. हा मुक्काम एका दिवसाचाच का, याचे एक उत्तर अटलांटिकमधल्या मदीरा बेटावरच्या फुंशाल बंदरात सापडते.

नावाने फसू नका, मित्रहो. या नावाचा आपल्या ‘मदिरे’शी काही संबंध नाही, पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड. १४१९ च्या सुमारास पोर्तुगीज खलाशी येथे उतरले, तेव्हा बेट घनदाट अरण्याने झाकलेले होते. पुढे उसासाठी रान तुटले आणि गुलामांच्या श्रमांवर साखरेचा व्यापार फोफावला. १४७८ मध्ये खुद्द कोलंबस येथे साखर खरेदीसाठी आला होता. ब्राझीलची साखर बाजारात येताच हा व्यापार कोसळला आणि द्राक्षमळ्यांचे दिवस आले.

या द्राक्षांच्या मद्याचे भारताशी जुने नाते आहे. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे वाटेत येथे थांबत आणि मद्याची पिंपे चढवून घेत. उष्ण कटिबंधातून महिनोन्‌महिने हेलकावे खात गेलेले मद्य बिघडण्याऐवजी अधिकच चवदार होते, हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. मग भारतापर्यंत जाऊन परत आलेल्या पिंपांना विशेष मागणी येऊ लागली! कालांतराने मद्य बेटावरच मुद्दाम तापवू लागले आणि सागरी सफरीची गरज संपली.

एकोणिसाव्या शतकात वाफेची जहाजे आली, तीही भुकेली. इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या टपालबोटी फुंशालला कोळसा घेत. जहाज नांगरून उभे राही, पडावांतून कोळसा येई आणि काळी धूळ उडू लागे. अशा वेळी डेकवर बसण्यापेक्षा छोट्या होडीतून किनारा गाठलेला बरा. प्रवाशाला मिळणारा अवधी निसर्गसौंदर्यावर नव्हे, तर जहाजाच्या कामावर ठरत असे.

किनाऱ्यावर त्याच्या करमणुकीला जे होते, ते मुळात बेटाच्या गरजेचे होते. उभ्या चढणीच्या, गोटे बसवलेल्या रस्त्यांवर चाके निरुपयोगी; म्हणून बैल लाकडी घसरगाड्या ओढत आणि गाडीवान धावेखाली चरबीत भिजवलेली चिंधी सरकवत जाई. १८५० च्या सुमारास मोंत या डोंगरावरच्या वस्तीतून खाली येण्यासाठी वेताच्या आसनाची घसरगाडी निघाली. मागे दोन माणसे, हाती दोर, आणि ब्रेक म्हणून त्यांचे स्वतःचेच पाय. १८९३ मध्ये आपल्या उटीसारखी दातेरी रुळांची रेल्वे सुरू झाली. वर रेल्वेने जावे आणि खाली घसरत यावे, असा बेत ठरून गेला. इकडे जहाजाभोवती स्थानिक मुले पाण्यात उड्या घेत आणि प्रवाशांनी फेकलेली नाणी बुडी मारून वर काढत. या दृश्याला गंमत म्हणणे मला जड जाते.

या थांब्यावर बातम्याही मिळत, कारण १८७४ पासून मदीरा समुद्राखालच्या तारेने जोडलेले होते. डिसेंबर १९०६ मध्ये लंडनहून परतणारे गांधीजी आणि हाजी ओजेर अली यांना येथेच तार मिळाली : ट्रान्सवालमधील आशियाई लोकांविरुद्धच्या वटहुकमाला लॉर्ड एल्गिन यांनी तूर्त संमती नाकारली होती. केपटाऊनपर्यंतचे सुमारे पंधरा दिवस दोघांनी आनंदात घालवले. पण तो आनंद पोकळ ठरला. ट्रान्सवालला स्वराज्य मिळाले आणि २१ मार्च १९०७ रोजी, एकाच बैठकीत, तोच कायदा नव्या विधिमंडळाने मंजूर केला. सत्याग्रहाच्या इतिहासात म्हणूनच या बेटाची एक छोटीशी नोंद आहे.

आता त्याच बंदरातली दुसरी रांग पाहू. १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडून उपासमार झाली, पुढच्या दशकात द्राक्षवेलींवर बुरशी आली. एका इंग्रज मद्यव्यापाऱ्याची मुलगी एलिझाबेथ फेल्प्स हिने बायकांच्या भरतकामाला परदेशी बाजारपेठ मिळवून दिली आणि अनेक घरांची चूल पेटती राहिली. पण हजारो माणसे गाव सोडून गेली. १८३५ पासून मदीरातले मजूर ब्रिटिश गयानातल्या उसाच्या मळ्यांवर जात होते. १८३८ मध्ये त्याच वसाहतीत भारतातले पहिले गिरमिटिये उतरले. काही तासांसाठी उतरणारे पाहुणे आणि कायमचे निघून जाणारे यजमान, दोघांचा धक्का एकच.

१८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ हे जहाज मदीरातल्या चारशेहून अधिक लोकांना घेऊन हवाईच्या होनोलुलूला पोहोचले. तेही उसाच्या मळ्यांसाठीच निघाले होते. सामानात चार तारांचे एक लहानसे वाद्य होते. हवाईत त्यातूनच युकुलेली घडली. आज होनोलुलूला एका दिवसासाठी उतरणारा क्रूझचा प्रवासी तेच सूर अस्सल हवाईचे म्हणून ऐकतो.