नवी हार्ड डिस्क, जुने निर्णय

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण त्यात ना लढाया आहेत, ना तह. आज आपण एका साडेतीन इंची डब्याचा इतिहास बघणार आहोत. हा भाग ऐकून झाल्यावर तुम्ही 'खराब' म्हणून परत पाठवायला काढलेली हार्ड डिस्क कदाचित परत उघडून बघाल.

आधी विषय समजून घेऊ. हल्ली बरेच जण घरी छोटा स्टोरेज सर्व्हर लावतात. कोणाकडे जुना पीसी असतो, कोणी दोन-चार कप्प्यांचा तयार नॅस विकत आणतो. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, बाबांच्या कागदपत्रांचे स्कॅन, सगळं तिथे जातं. मग कधीतरी जागा संपते किंवा एखादी डिस्क मरते आणि आपण नवीन मागवतो. ती बसवल्यावर साधारण तीन तक्रारी ऐकू येतात. एक, डिस्क दिसतच नाही. दोन, दिसते पण साइझ कमी दाखवते. तीन, सगळं बरोबर दिसतं, पण डेटा भरायला घेतला की दिवसेंदिवस काम संपत नाही आणि शेवटी सर्व्हर तिला बाहेर काढतो.

सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आम्ही पहिला प्रश्न विचारतो: शेवटचं काय बदललं? प्रश्न चांगला आहे, पण इथे तो फसवतो. शेवटची बदलली ती डिस्क, म्हणून आळ तिच्यावर येतो. खरं तर बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते. वेगवेगळ्या दशकांत घेतलेले दोन निर्णय तुमच्या त्या डब्यात पहिल्यांदा समोरासमोर आलेले असतात. ते निर्णय कोणते, हे कळलं की दोष कुठे शोधायचा तेही कळतं.

तक्रार पहिली: डिस्क दिसतच नाही

डिस्क फिरत नाही, आवाज नाही, बायोसमध्ये नाव नाही. गंमत म्हणजे तीच डिस्क बाहेरच्या यूएसबी डबीत लावली की मस्त चालते. असं झालं, तर संशय तिसऱ्या पिनवर घ्या.

साटा हे कनेक्शन २००३ मध्ये आलं. त्याच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. त्यातल्या पहिल्या तीन ३.३ व्होल्टसाठी राखल्या होत्या. मोठ्या हार्ड डिस्कना लागतात ५ आणि १२ व्होल्ट, त्यामुळे त्या ३.३ व्होल्टला फारसं कोणी विचारलंच नाही. पण एसएमपीएस बनवणारे नियमाप्रमाणे तिथे वीज देत राहिले.

पुढे मोठमोठी डेटा सेंटर आली. तिथे हजारो डिस्क असतात. एखादी अडकली, की माणसाने जाऊन ती ओढून परत बसवायची हे परवडत नाही. दुरूनच डिस्क बंद-चालू करता यावी, अशी गरज निर्माण झाली. म्हणून २०१६ मध्ये साटाच्या ३.३ आवृत्तीत 'पॉवर डिसेबल' नावाची सोय आली आणि त्यासाठी ही तिसरी पिन घेतली गेली. आता तिथे वीज आली, की डिस्क त्याचा अर्थ लावते: "मला बंद राहायला सांगितलंय."

म्हणजे बघा, २००३ चा एसएमपीएस म्हणतो, "घे, तुझी वीज." २०१६ नंतरची डिस्क ऐकते, "गप्प बस." दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. ही सोय मुख्यतः डेटा सेंटरसाठी बनलेल्या डिस्कमध्ये असते. पण बाहेरून लावायच्या मोठ्या यूएसबी ड्राइव्हच्या आतही बऱ्याचदा तशीच डिस्क निघते. तो डबा उघडून आतली डिस्क सर्व्हरला लावणारे म्हणूनच इथे हमखास अडकतात.

उपाय अगदी साधा आहे. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे उष्णता सहन करणारी पिवळसर-तपकिरी टेप असते, तिला कॅप्टॉन टेप म्हणतात. कनेक्टरचा नकाशा समोर ठेवून, मशीनची वीज पूर्ण बंद करून, त्या पिनवर तिचा बारीक तुकडा लावायचा. अपोलोच्या चांद्रयानावरच्या सोनेरी आवरणातही हेच कॅप्टॉन वापरलं होतं. दुसरा मार्ग मोलेक्स-टू-साटा केबलचा. मोलेक्समध्ये ३.३ व्होल्ट येतच नाही. पण प्लास्टिक ओतून बनवलेले स्वस्त अडॅप्टर आतून शॉर्ट होऊन जळू शकतात, त्यामुळे तिथे वीस-तीस रुपये वाचवू नका.

तक्रार दुसरी: साइझ कमी दाखवते

यात दोन प्रकार आहेत. एक निरुपद्रवी, दुसरा नाही.

निरुपद्रवी प्रकार असा. ४ टीबीची डिस्क घेतली आणि स्क्रीनवर ३.६४ दिसलं. कोणीही काहीही चोरलेलं नाही. डिस्कवाले १ किलो म्हणजे १००० असं मोजतात, विंडोजसारख्या सिस्टिम १०२४ असं मोजतात. टेराबाइटपर्यंत पोहोचेस्तोवर हा फरक ९ टक्क्यांवर जातो. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ च्या मोजणीला 'किबी', 'मेबी', 'गिबी' अशी वेगळी नावं दिली. नावं आली, पण लोकांच्या तोंडी बसली नाहीत.

आता दुसरा प्रकार. ३ टीबीची डिस्क लावली आणि दिसले फक्त ७४६ जीबी. हा आकडा लक्षात ठेवा, तो जवळजवळ बोटाच्या ठशासारखा आहे.

त्यासाठी १९८३ मध्ये जावं लागतं. आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. तिचे भाग कुठे सुरू होतात आणि केवढे आहेत, हे लिहायला डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटमध्ये एक छोटा तक्ता ठेवला. त्यालाच आपण एमबीआर म्हणतो. तक्त्यात प्रत्येक सेक्टरचा क्रमांक लिहायला ३२ बिट दिले. ३२ बिटांत जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी सेक्टर मोजता येतात. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे एकूण झाले साधारण २.२ टीबी.

हे ऐकून त्या इंजिनिअरांना नावं ठेवायचा मोह होतो. पण हिशेब करा. त्यांच्यासमोरची डिस्क १० एमबीची होती आणि त्यांनी तिच्या दोन लाख पटींहून जास्त जागा ठेवली. नातवाचं लग्न होईल म्हणून आजच हॉल बुक करण्यासारखं आहे हे! तरीही २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्या आणि २७ वर्षांत तो हॉल भरला.

२.२ टीबीच्या पुढे काय होतं? जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर परत शून्यावर येतं, तसंच. ३ टीबीतून २.२ वजा करा. उरतात साधारण ८०० जीबी, आणि १०२४ च्या मापाने तेच ७४६. म्हणजे डिस्क उत्तम आहे. मधलं कोणीतरी जुन्या मीटरने मोजतंय: यूएसबी डबी, जुनं कंट्रोलर कार्ड, जुना ड्रायव्हर.

अशा भिंती त्याआधीही येऊन गेल्या होत्या. ५२८ एमबीला एक होती. १३७ जीबीला दुसरी, कारण तिथे सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा होता. २००२ च्या सुमारास तो ४८ बिटांचा झाला. एमबीआरची जागा घेणारा जीपीटी तक्ता ६४ बिट वापरतो, त्यामुळे आपल्या हयातीत तरी ही भिंत लागणार नाही. नव्या, रिकाम्या डिस्कवर सरळ जीपीटी बनवा. पण डिस्कवर आधीचा डेटा असेल तर थांबा. 'नवीन पार्टिशन टेबल' हे बटण दाबलं, की जुन्या भागांची नोंद जाते.

तक्रार तिसरी: रीबिल्ड संपतच नाही

ही सगळ्यात धोक्याची तक्रार आहे, कारण इथे डिस्क दिसते, साइझ बरोबर असते आणि आपण निर्धास्त असतो.

१९८८ मध्ये बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचा एक प्रसिद्ध शोधनिबंध आला. कल्पना अशी की एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधा. एखादी मेली तर बाकीच्यांवरून तिचा डेटा परत तयार करा. हाच रेड. यातली अट नीट ऐका. डिस्क मेल्यापासून नवीन डिस्क भरेपर्यंतचा काळ नाजूक असतो. एकाच बिघाडाची सोय ठेवली असेल आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली, तर सगळंच गेलं. म्हणून रीबिल्डला १५ तास लागतात की ९ दिवस, हा फक्त वेळेचा प्रश्न नाही.

आता दुसरा धागा. साधारण २०१३ पासून डिस्कवर जास्त डेटा मावावा म्हणून एक नवी पद्धत बाजारात आली, एसएमआर. कोकणातलं कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. एका कौलावर दुसऱ्याची कड चढलेली असते. एसएमआरमध्ये डेटाचे ट्रॅक तसेच एकमेकांवर थोडे चढवून लिहितात. जागा वाचते. पण मधलं एकच कौल बदलायचं असेल तर? वरची उचलावी लागतात. इथेही मधला थोडासा डेटा बदलायचा, तर शेजारचे ट्रॅक परत लिहावे लागतात. रोजचे चार फोटो टाकताना हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी एका मोकळ्या कोपऱ्यात लिहून घेते आणि निवांतपणे जागेवर लावते. रीबिल्डमध्ये निवांतपणा नसतो. लिखाणाचा लोंढा येतो, कोपरा भरतो, डिस्क अडखळते आणि सर्व्हरला वाटतं की ही मेली.

एप्रिल २०२० मध्ये तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्यांनी उघड केलं, की वेस्टर्न डिजिटलच्या, खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. सीगेट आणि तोशिबा यांच्याही काही डिस्कबद्दल तसंच समोर आलं. त्यानंतर झालेल्या एका चाचणीत अशा ४ टीबी रेड डिस्कला झेडएफएसवर रीबिल्ड करायला नऊ दिवसांहून जास्त लागले. जुन्या पद्धतीच्या डिस्कने तेच काम एका दिवसाच्या आत संपवलं. पुढे कंपनीने याद्या जाहीर केल्या आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कना 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं.

मला या प्रकरणात तंत्रज्ञानाचा राग येत नाही. कौलारू छप्पर वाईट नसतं. पण घर घेणाऱ्याला छप्पर कशाचं आहे हे सांगायला हवं ना? डिस्क मागवण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर बघा आणि उत्पादकाच्या यादीत सीएमआर लिहिलंय का ते तपासा. खोक्यावरच्या 'नॅस' या शब्दावर भागवू नका.

आणि सगळं ठीक असेल तर?

तरी लगेच विश्वास टाकू नका. डिस्कमध्ये स्वतःची तब्येत सांगणारी 'स्मार्ट' नावाची यंत्रणा असते. २००७ मध्ये गुगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा जरी स्कॅन एरर आली, तरी पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरायची शक्यता ३९ पट होते, असं त्यात दिसलं. पण त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. म्हणजे 'स्मार्ट'ने धोका सांगितला तर ताबडतोब ऐका. ती गप्प असेल, तर मात्र गप्प राहण्याचा अर्थ 'सगळं छान' असा लावू नका.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला, बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. हो, तेच गिब्सन, रेडवाले. कंपन्यांच्या आकड्यांवरून वर्षाला ०.८८ टक्क्यांपर्यंत डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे नेहमीचं होतं आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. डिस्क मरणार हे गृहीत धरून ज्यांनी रेड मांडलं, त्यांच्यातलेच एक जण १९ वर्षांनी परत मोजायला बसले, ही गोष्ट मला फार आवडते.

तर नवीन डिस्क आली की क्रम असा ठेवा. आधी वीज, मग मोजणी, मग मॉडेल नंबर. त्यानंतर 'स्मार्ट'ची लांबची टेस्ट आणि पूर्ण डिस्क एकदा लिहून-वाचून बघणं. अर्थात डिस्क रिकामी असतानाच, कारण या टेस्टमध्ये आतलं सगळं पुसलं जातं. मोठ्या डिस्कला दोन-तीन दिवस लागतील, लागू देत. परत करायची मुदत सुरू असतानाच हे उरकायचं. आणि डिस्क पास झाली तरी फोटोंची एक प्रत घराबाहेर ठेवा. रेड एका डिस्कच्या मरणातून वाचवतं. चुकून दाबलेल्या डिलीटपासून, चोरीपासून किंवा घरात शिरलेल्या पुराच्या पाण्यापासून वाचवत नाही.

तुमच्याकडे एखादी डिस्क 'खराब' म्हणून कपाटात पडली असेल, तर या क्रमाने एकदा तपासा आणि काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत बॅकअप घ्या आणि मजेत राहा!