छातीवरचा मूक साक्षीदार

इस्पितळातील क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. पाहणाऱ्यास तो ओळखपत्रासारखा वाटतो; परंतु त्यामागे अनेकांच्या यातनांचा इतिहास आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवत नाहीत. म्हणून त्यांचे भय कुणी बाळगले नाही. नळी नीट चालते की नाही, हे पाहण्यासाठी कर्मचारी स्वतःचाच हात किरणांपुढे धरीत. मात्रेचे माप काय, तर कातडीवर उठणारी लाली! एडिसनचे सहायक क्लॅरन्स डॅली यांचे दोन्ही हात कापावे लागले. १९०४ साली ते कर्करोगाने निवर्तले.

१९३६ साली हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अशा हुतात्म्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावरील नामावलीत ब्लँडिना रिडर या जर्मन धर्मभगिनीचेही नाव आहे. रुग्णसेवा करता करता १९१६ साली तिने देह ठेवला.

१९२८ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय संरक्षण समिती स्थापन झाली आणि १९३४ साली तिने दैनंदिन मात्रेची मर्यादा घालून दिली. मात्रा मोजण्यासाठी फिल्मचा बिल्ला आला. फिल्म जितकी काळवंडेल, तितका किरणोत्सर्ग अधिक. भारतात तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राने पुढे टीएलडी बिल्ला प्रचारात आणला. त्यातील चकत्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापवल्यावर प्रकाश देतात. त्या प्रकाशावरून मात्रा कळते. सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी ही तपासणी होते. आपल्या देशात सलग पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये आणि कोणत्याही एका वर्षी ३० चा आकडा ओलांडू नये, असा दंडक आहे.

मात्र हा बिल्ला ढाल नव्हे, साक्षीदार आहे. तो खणात ठेवून काम केले, तर अहवाल निर्दोष येईल, पण देह खरे तेच सोसेल. शिशाचा अंगरखा घातल्यास बिल्ला त्याच्या आत, छातीवर लावायचा, ही साधी शिस्तही विसरता कामा नये.

आपल्या कित्येक घरांतील लेकी परिचारिका आहेत. ड्यूटीवर निघताना त्यांना डबा घेतलास का, असे आपण विचारतो. बिल्ला लावतेस ना, हेही विचारूया. सेवेत त्याग असतो. परंतु टाळता येण्याजोगी इजा म्हणजे त्याग नव्हे.