कष्टकरी म्हणून फोटो, पुढारी म्हणून नाव नाही!

८ मार्च जवळ आला की तुर्भ्यात एखाद्या तरी पत्रकाराचा फोन येतो. मागे एकाने विचारलं, "मॅडम, खूप सोसलेली एखादी बाई द्या ना. डम्पिंगवर काम करणारी असेल तर फारच बरं." मी त्याला वस्तीतल्या एका ताईंकडे नेलं. बायांना गोळा करून, पालिकेत खेटे घालून त्यांनी वस्तीत नळ आणला होता. ताई तासभर अर्ज, सह्या आणि मोर्चाची हकीकत सांगत होत्या. छापून काय आलं? डोक्यावर हंडा घेतलेला फोटो आणि खाली ओळ : 'तुर्भे येथील एक कष्टकरी महिला'. नाव नाही, नळाचा उल्लेख नाही.

ही एका वार्ताहराची चूक म्हणून सोडून देता येत नाही. माध्यमांना आमची बाई दोनच रूपांत हवी असते : पीडित, नाही तर निमूट राबणारी माउली. तिचं काम दिसतं, पण त्या कामातूनच उभं राहिलेलं तिचं नेतृत्व दिसत नाही. मग विचारलं जातं, "तुमच्यात स्त्री नेत्या कुठे आहेत?" उत्तर इतिहासात आहे.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापून आला. तो लिहिणारी मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी होती. म्हणजे आमच्या बाईने वर्तमानपत्रात पहिलं पाऊल टाकलं ते धर्माला आणि सत्तेला जाब विचारत. कुणी तिची मुलाखत घेतली नव्हती, तिने स्वतः लिहिलं होतं.

नागपूरच्या जाईबाई चौधरी. जन्म १८९२. पोटासाठी नागपूर-कामठी भागात डोक्यावर ओझी वाहायच्या. मिशनरी बाईंच्या मदतीने शिकून शिक्षिका झाल्या. जात कळताच सवर्ण पालकांनी ओरड केली, नोकरी गेली आणि पुन्हा हमाली नशिबी आली. तरी याच बाईने पुढे नागपुरात अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. 'सर्व स्त्रियांच्या' त्या परिषदेत जाईबाईंना जेवायला वेगळं बसवलं गेलं. त्या गप्प राहिल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी निषेधाची मोठी सभा घेतली. भारतीय स्त्री चळवळीचा इतिहास सांगताना हे जेवणाचं वेगळं पान किती जण उघडतात?

नागपूरच्याच राधाबाई कांबळे गिरणीत काम करता करता गिरणी कामगारांच्या पुढारी झाल्या. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांनी काय मागितलं ते नीट पाहा. घटस्फोटाचा हक्क. बहुपत्नीत्वाला बंदी. कामगार स्त्रियांना रजा, भरपाई आणि पेन्शन. कायदेमंडळात जागा. आणि गिरण्यांमध्ये बायांच्या कामावर देखरेख ठेवायला बायाच नेमाव्यात! यात दयेची याचना कुठे दिसते? राबणाऱ्या बाया कामाच्या जागीच अधिकार मागत होत्या. त्याच महिन्यात बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर नेमणूक झाली होती आणि मजूर खातं त्यांच्याकडे आलं होतं.

तीन आठवड्यांनी 'चले जाव' सुरू झालं. शाळेच्या पुस्तकात १९४२ म्हटलं की ऑगस्ट येतो, जुलै येत नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी गावोगाव जाऊन या स्त्रियांना शोधलं, बोलतं केलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. ते झालं नसतं तर यातली बरीच नावं त्या बायांबरोबरच गेली असती.

आज तरी काय बदललं? २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉन्ड्री यांनी माध्यमांचा अभ्यास केला. संपादक-पातळीवरच्या १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचं कुणीही नव्हतं. कोणता फोटो छापायचा, कुणाचं नाव गाळायचं हे ठरवणाऱ्या खुर्च्या कुणाच्या, ते या आकड्यांतून कळतं. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो उगाच नाही.

पण बोट फक्त तिकडेच दाखवून चालणार नाही. १४ एप्रिलचे आपले बॅनर पाहा. पुरुष कार्यकर्त्यांचे फोटो रांगेने. वर्गणी गोळा करणाऱ्या, विहार झाडणाऱ्या, मोर्चात पहिल्या रांगेत चालणाऱ्या बाया मात्र 'समस्त महिला मंडळ' या दोन-तीन शब्दांत आटोपलेल्या. सवर्ण माध्यमं जे करतात तेच आपण घरात करत असू, तर जाईबाईंचं नाव घेण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?

तुर्भ्यात भाजी मार्केटला माल निवडणाऱ्या, एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बाया आहेत. त्यांच्यातल्याच कुणी बचत गट चालवतात, कुणी रेशनचा प्रश्न तडीस नेतात. त्यांचं पूर्ण नाव, काम आणि त्यांनी जिंकलेला प्रश्न आपणच लिहून ठेवू या. या जयंतीच्या बॅनरवर ती नावं आधी छापू या. आणि पुढच्या ८ मार्चला पत्रकाराचा फोन आला, तर मी आधी एकच अट घालणार आहे : फोटोखाली नाव हवं, आणि नावापुढे पद.

जय भीम!