तळ्याआधीची शाळा

महाडचे नाव निघाले की चवदार तळे आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी जमलेल्या लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. हा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी तेरा वर्षे याच गावात एका मुलाने शाळेच्या दारात दिलेली झुंज फारशी कोणी सांगत नाही. आज मला ती सांगायची आहे.

रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३चा, महाडजवळच्या लाडवलीचा. त्यांचे बालपण सावित्रीच्या खाडीवरील दासगावाशी जोडलेले. हा भाग लष्करी पेन्शनरांचा. पलटणीत सैनिकांना आणि त्यांच्या मुलांना लिहिणेवाचणे शिकवले जाई. त्यामुळे जे शिक्षण गावात मिळत नव्हते, ते काही महार कुटुंबांत पलटणीच्या वाटेने आले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर असेच निवृत्त सैनिक. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेविरुद्ध सवाल केले. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली आणि ती वाटही मिटली. मागे राहिली ती अक्षरांची ओढ.

रामचंद्र त्या ओढीचा वारस. १९१४ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने शिष्यवृत्ती मिळवली. पुढचे शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचे होते. हुशारी सिद्ध झाली होती, पैशाची थोडी सोय झाली होती, पण जात आडवी आली. प्रवेश नाकारला गेला.

दुसरा कोणी घरी परतला असता. या मुलाने कागद घेतला आणि तक्रार लिहिली. ती वृत्तपत्रात छापून आली. सरकारी अनुदान घेणारी शाळा एका विद्यार्थ्याला जातीमुळे बाहेर कशी ठेवते, हा प्रश्न उभा राहिला आणि प्रवेश द्यावा लागला. तरीही त्याला बसवले वर्गाच्या बाहेर. शिक्षकांचा आवाज आत, विद्यार्थी बाहेर!

नागतिहळ्ळी चंद्रशेखर यांचा १९९४चा ‘कोट्रेशी कनसु’ हा कन्नड चित्रपट शिकू पाहणाऱ्या एका गरीब दलित मुलाचा आहे. ‘कनसु’ म्हणजे स्वप्न. त्यातील कोट्रेशी पाहताना मला मोरे आठवले. गरिबी अडवते तेव्हा मदतीचे हात पुढे येऊ शकतात; जात अडवते तेव्हा मदत करणाऱ्यालाही गावाची भीती वाटते.

आता शाळा आणि तळे यांचा संबंध पाहा. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा आणि त्यांच्याबरोबर शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. पाणी आणि पाटी एकाच ठरावात आली. जे सर्वांच्या पैशावर चालते ते सर्वांचे, हे त्यामागचे तत्त्व. अकरा वर्षांच्या मोरे यांची तक्रारही याच तत्त्वावर उभी होती. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण पाण्यापर्यंत जायची हिंमत कोणाला होईना. कागदावरचा हक्क पायांनी बजावायचा राहिला होता.

तो बजावण्यासाठी महाडला परिषद भरवावी आणि बाबासाहेबांना बोलवावे, म्हणून झटणाऱ्यांत तरुण मोरे आघाडीवर होते. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या सवर्ण सहकाऱ्यांचीही साथ मिळाली. तळ्याचा न्यायालयीन निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. मोरे नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले; ११ मे १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मकथन अपुरे राहिले, ते पुत्र सत्येंद्र मोरे यांनी पुढे नेले.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतून मुले आजही पायपीट करून शाळा गाठतात. कोणाच्या शिक्षणाचा प्रश्न निघाला की आपण त्याची हुशारी आणि चिकाटी यांचे कौतुक करतो. मोरे यांच्याकडे दोन्ही होते, तरी दार बंदच होते. म्हणून मुलाच्या गुणांइतकीच चौकशी दाराचीही व्हायला हवी.